बॉक्स स्कोअर की स्कोअरकार्ड?

8 ऑक्टोबर 1956, अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका असलेल्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. यँकीज 2, डॉजर्स 0. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या छोट्या तक्त्यात, डॉजर्सच्या जॅकी रॉबिन्सनपुढे एवढंच दिसतं: 3 वेळा फलंदाजी, 0 हिट. यँकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) डॉन लार्सनने 27 पैकी 27 जणांना बाद केलं, हे एका नजरेत कळतं. घाईत असलेल्याला तेवढं पुरे.

हाताने भरलेल्या स्कोअरकार्डात मात्र रॉबिन्सनच्या दुसऱ्या इनिंगच्या चौकोनात 5-6-3 असतं. हे क्षेत्ररक्षकांच्या जागांचे क्रमांक: 5 थर्ड बेसमन, 6 शॉर्टस्टॉप, 3 फर्स्ट बेसमन. म्हणजे त्याचा सणसणीत फटका थर्ड बेसमन कॅरीला लागून उडाला, शॉर्टस्टॉप मॅकडूगल्डने चेंडू उचलून फर्स्ट बेसवर फेकला आणि परफेक्ट गेम (एकही प्रतिस्पर्धी बेसवर न पोहोचलेला सामना) थोडक्यात वाचला! (क्रिकेटच्या स्कोअरबुकातले ठिपकेही असेच बोलतात.) मला हे तीन आकडेच जास्त प्रिय.