मुंबई आयआयटी की सीओईपी: अंदाज कुठे बरोबर येतो?

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल का, याचा मुंबई आयआयटीचा हिशोब सरळ आहे. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड या आयआयटीच्या प्रवेश परीक्षेची रँक हातात आली की जोसाच्या, म्हणजे आयआयटीच्या जागा वाटणाऱ्या यंत्रणेच्या साइटवर मागच्या वर्षीची क्लोजिंग रँक, म्हणजे प्रवेश मिळालेली शेवटची रँक बघायची. खुल्या गटातलं कॉम्प्युटर सायन्स साधारण पहिल्या सत्तरातच संपतं. पाचशेवी रँक असेल तर त्या शाखेचा नाद सोडा.

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचं प्रकरण जरा किचकट. तिथे राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते. ९९.५ पर्सेंटाइल ऐकून घरात पेढे वाटले जातात, पण परीक्षेला तीन लाख मुलं असतील तर पुढे दीड हजार जण उभे असतात! कॅप फेरीच्या, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश फेरीच्या कटऑफ पीडीएफमध्ये प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल असतं. मी तरी वरचा आकडाच धरतो. जीओपनएस आणि एलओपनएस हे रकानेही नीट वाचा. पहिला खुल्या गटातल्या सर्वसाधारण जागांचा, दुसरा त्याच गटातल्या मुलींच्या राखीव जागांचा. मुलाने तो बघून खूश होण्यात अर्थ नाही.

आणि हो, अ‍ॅडव्हान्स्ड फार तर दोनदा देता येते, तीही लागोपाठच्या वर्षांत. सीईटीला तशी मर्यादा नाही.