अर्जुनी मोरगाव तालुक्यातले तलाव शिबिर : लेकीला दोनदा पाठवले, त्यावरून लिहितो

माझी लेक आठवीत आहे. आमची 3 एकर धानाची शेती तलावाच्या पाण्यावर पिकते, त्यामुळे तलाव तिला नवा नाही. तरी जानेवारीच्या शेवटी मी तिला एका मामा तलावावरच्या दोन दिवसांच्या शिबिराला पाठवले, आणि जूनमध्ये त्याच तलावावर दुसरी फेरी झाली तेव्हा पुन्हा. दोन्ही वेळा पालक म्हणून मीही सोबत राहिलो. शिबिर चालवतात तिथल्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, सहकारी संस्थेचे लोक आणि दोन तरुण शिक्षक. फी 350 रुपये, जेवण-मुक्कामासकट. आमच्या तुकडीत 32 पोरं-पोरी होत्या, सातवी ते नववीच्या.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. 1951 च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे मालगुजारांची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, पण नाव राहिले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. बरेचसे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले, नुसत्या मातीच्या पाळीचे, म्हणजे बांधाचे, आणि ते अजून पाणी धरून आहेत.

शिबिराची पहिली सकाळ पाळीवरच गेली. हातात वही नाही, फक्त चालायचे आणि विचारायचे. तुडूम (शेताला पाणी सोडायची मोरी) कुठे, सलांग (जास्तीचे पाणी सांडायची वाट) कुठे, पाणी कुठून येते, जास्तीचे कुठे जाते. संस्थेतल्या एका आज्यांनी, म्हणजे आजोबांनी, पोरांना सलांगीवर उभे करून खालच्या अंगाला हात दाखवला. वरचा तलाव भरला की सलांगीवरून पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात. पावसाळ्यात मासोळ्या ह्याच वाटेने उलट्या वर चढतात. ही वाट कोणी माती टाकून बुजवली तर खालच्या गावाचे धान तर जातेच, मासोळीही जाते. माझ्या लेकीने तिथेच विचारले, "आज्या, मंग आमच्या गावची सलांग कोनं बुजवली?" मला उत्तर माहीत होते. मी तेव्हा काही बोललो नाही, घरी आल्यावर सांगितले.

दुपारचा तास मात्र मला जड गेला. समाजमंदिरात पडदा लावून भाषण. 2 फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन, 1971 साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा जपायचा करार झाला, आपल्या विदर्भातले लोणार सरोवर 2020 मध्ये त्या कराराच्या यादीत गेले, हे सगळे ऐकण्यासारखे आहे. पण जेवणानंतर सव्वा तास बसवून? मागच्या रांगेतली निम्मी पोरं पेंगत होती. लोणारचे खारे पाणी आणि आपल्या तलावाचे गोडे पाणी दोन बाटल्यांत समोर ठेवले असते तर पोरं जागीच राहिली असती. हे मी आयोजकांना तिथेच सांगितले आणि त्यांनी ते ऐकून घेतले.

चार वाजता पुन्हा पाण्यावर नेले, आणि शिबिर खरे तिथे सुरू झाले. साधन काय, तर घरची पिठाची चाळणी, पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या आणि भिंग. काठच्या गवतातून चाळणी फिरवायची, थाळीत उलटी करायची आणि दोन मिनिटे हलायचे नाही. आधी थाळीत नुसता गाळ दिसतो. मग गाळच चालायला लागतो. एका पोराच्या थाळीत चतुराचे पिल्लू निघाले. चतुर उडताना आपण सगळे पाहतो, पण त्याआधी तो कित्येक आठवडे, कधी महिने पाण्याखाली काढतो हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळले. ते पिल्लू मागच्या बाजूने पाणी फेकून पुढे झेपावते, आणि डासांच्या अळ्या खाते. त्याच थाळीत शिक्षकांनी डासांच्या अळ्या सोडल्या आणि सगळ्यांना गप्प बसवले. त्या पिल्लाने खालचा ओठ हातासारखा पुढे टाकून अळी ओढली, तेव्हा 32 पोरं एकदम ओरडली. फवारणीचा पंप तलावाच्या काठावर धुतला तर आधी काय मरते, हे त्यानंतर कोणी वेगळे सांगायची गरज पडली नाही. घरी लेकीने मला त्याबद्दल धरले. तेव्हापासून मी पंप बांधावर बादलीत धुतो.

दुसऱ्या दिवशी बेशरम उपटायचे काम. बेशरम तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल, जांभळट फुलांची. कधीकाळी कुंपणाला म्हणून बाहेरून आणलेली. ढोरं खात नाहीत, जाळे तिच्यात अडकते, आणि तलावाचा काठ ती इतका दाटून टाकते की पाणवनस्पतींना जागा उरत नाही. हे काम शिकवणाऱ्या दोन ढिवर मावश्या होत्या आणि त्या मला पूर्ण शिबिरातल्या सगळ्यात चांगल्या शिक्षिका वाटल्या. कमी बोलायच्या. एकीने फांदी मोडून पोरांसमोर धरली आणि म्हणाली, "तोडून पान्यात फेकाल तं तिथंच रुजंल. कांडी न कांडी वर आना, उन्हात वाळवा." चीक निघतो म्हणून हातमोजे दिले होते. पण हातमोजे मोठ्यांच्या मापाचे होते, मुलींच्या हातातून निसटत होते. लहान मापाचे आणायलाच हवेत.

एका कोपऱ्यात संध्याकाळ झाली म्हणून काम अर्धवट सोडले. काही कांड्या पाण्यातच राहिल्या. ही गोष्ट जूनमध्ये महत्त्वाची ठरली.

जूनमध्ये पाणी पार आटून मधोमध गेले होते. काठाची पट्टी ट्रॅक्टरने नांगरून ठेवली होती. पहिला पाऊस पडून चिखल झालेला. दुसऱ्या एका चांगल्या तलावातून ओल्या पोत्यांत भरून आणलेल्या पाणवनस्पती पोरांनी त्या चिखलात लावल्या, धान लावतो तशाच, मागे मागे सरकत. माझी लेक ह्यात तरबेज, तिने शहरातून आलेल्या चार मुलींना मूठ कशी धरायची ते दाखवले. ह्याच वनस्पतींच्या आडोशाला कितीतरी मासे अंडी घालतात. रोहू-कतला साचलेल्या पाण्यात पिल्ले देत नाहीत, संस्थेला दरवर्षी बीज विकत आणावे लागते. मरळ मात्र तलावातच वाढते, आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात. एका आज्यांनी डबक्याच्या कडेला तांबूस पिल्लांचा घोळका दाखवला, पिल्ले वर हवा घ्यायला येत होती आणि खाली काळी सावली फिरत होती. "ह्या दिवसात मरळ मारायची नाही," एवढेच ते म्हणाले.

मग लेक मला हात धरून त्या कोपऱ्यात घेऊन गेली. जिथे जानेवारीत कांड्या पाण्यात राहिल्या होत्या, तिथे बेशरमीचे हिरवे फुटवे गुडघ्याएवढे आले होते. बाजूची साफ केलेली पट्टी मोकळी. तिने आणि तिच्या मैत्रिणीने कोणी न सांगता ते सगळे उपटले, पाळीवर नेऊन पसरले. म्हणून माझे सांगणे आहे की एकाच फेरीला पाठवू नका. जानेवारी आणि जून, दोन्हीला पाठवा. एका फेरीत पोर तलाव पाहते. दुसऱ्या फेरीत तिला आपल्याच हातचे काम दिसते.

पक्ष्यांचा भाग मला थोडा घाईचा वाटला. जानेवारीत टिबुकली, वारकरी, घोंगल्याफोडा भरपूर दिसले, पण दुर्बिणी फक्त 4. सारस दिसला नाही. सारसाबद्दल सांगितले ते मात्र नीट : महाराष्ट्रात तो उरला आहे तो मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात, पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटे करतो, बहुधा दोनच अंडी घालतो. बांधीत घरटे दिसले तर जवळ जायचे नाही, फोटो काढायचा नाही, शेतमालकाला सांगायचे.

जेवण चांगले. चून-भात, तुरीचे वरण, जानेवारीत लाखोरीची भाजी. मासोळीचा रस्सा ज्यांना हवा त्यांना वेगळा. मुलींच्या संडासाची सोय एकच, सकाळी रांग लागते, हे सुधारलेच पाहिजे. डोंग्यात बसवून बांबूने पाण्याची खोली मोजायला लावतात, ते पोरांना फार आवडते. तरंगायची जाकिटे 12 आहेत, एका वेळी सहाच्या वर पोरं नेत नाहीत आणि जाकिटाशिवाय कोणालाही डोंग्यात पाय ठेवू देत नाहीत. हे मी दोन्ही वेळा डोळ्यांनी पाहिले.

पाठवणार असाल तर पोरांना पायात जुने बूट द्या, चपला चिखलात जातात. कपड्यांचे दोन जोड, गमछा, टोपी. पोहता येते की नाही ते खरे सांगा. आणि जमले तर एक दिवस तुम्हीही थांबा. आमच्या गावच्या सलांगीवरची माती काढायचा विषय मी ह्या ग्रामसभेत मांडला आहे. लेकीने काढलेला नकाशा सोबत जोडला.