एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) सभा: ऑनलाइन की प्रत्यक्ष?

नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखान्यात शिफ्ट करणाऱ्याला ऑनलाइन सभा सोयीची: रात्री उशिराही कुठे ना कुठे चालू असते, कॅमेरा बंद ठेवता येतो, ओळखीचं कोणी दिसेल ही धास्ती नाही. पण बंद कॅमेऱ्यामागे ग्लास धरणंही तितकंच सोपं! म्हणून माझं मत प्रत्यक्ष सभेला. तिथे कित्येक वर्षं न प्यालेला माणूस शेजारी बसतो, सभा संपल्यावर थांबून बोलता येतं, तलफ आली की फोन करायला नंबर मिळतो. स्पॉन्सरही (नव्या माणसाला वाट दाखवणारा, दारू सोडलेला जुना सदस्य) समोरासमोर निवडलेला बरा. लाज वाटत असेल तर सिडकोतल्याने गोदावरीपलीकडचा गट शोधावा, चालतं. फी दोन्हीकडे नाही. दारू सोडायची इच्छा पुरते. बायकोला सोबत यायचं असेल, तर सभा खुली (न पिणाऱ्यांनाही बसता येईल अशी) आहे का ते आधी विचारा. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटावं. झटके (फिट) येऊ शकतात.