दाढेत सोनं की कंपोझिट? भावाआधी कड बघा

सोन्याचं फिलिंग विचारायला आलेल्याचा पहिला प्रश्न भावाचा असतो आणि दुसरा हमखास असा: "घरचंच सोनं आहे जी, तेच लावून द्या ना." नाही लावता येत. नागपूरच्या इतवारीत घेतलेल्या दागिन्यात काय मिसळलंय, डाक (सांधायचा धातू) कशाचा दिलाय, हे आम्हाला कळत नाही. जुन्या केडीएम दागिन्यांच्या डाकात तर कॅडमियम असायचं. दातासाठी तांबं, चांदी, पॅलॅडियम ठरल्या प्रमाणात घातलेलं सोनं वेगळं येतं. मी दातांच्या लॅबवाला, माझा कल ओतीव इनलेकडे (लॅबमध्ये ओतून खड्ड्यात बसवायचा सोन्याचा तुकडा) आहे हे आधीच सांगून टाकतो.

सोन्यात दोन प्रकार. जुना म्हणजे वर्खाचा: शुद्ध सोन्याचे तुकडे ज्योतीवर तापवून खड्ड्यात ठोकून बसवायचे. मग बर्निशरने (घासून दाबायच्या गुळगुळीत हत्याराने) दाबणं, बारीक होत जाणाऱ्या डिस्क, शेवटी टिन ऑक्साइडची पूड, सगळं तोंडातच. लहान खड्ड्याला उत्तम, पण धंतोली-रामदासपेठेत इतके दवाखाने असूनही हे करणारा हात सापडणं कठीण. हा पर्याय सोडूनच द्या.

इनले दोन खेपांत होतो. मापावरून मेणाचा नमुना, त्यावरून ओतकाम. विल्यम टॅगार्ट यांनी 1907 मध्ये ही पद्धत दंतवैद्यांपुढे मांडली. आमच्याकडे लॅबमध्ये चमकवायला रबर चाक, मग ट्रायपोली नावाची घासायची पूड, मग सराफ वापरतात तसलंच लाल रूज (पॉलिश). चकाकी इथे येते, पण कड, म्हणजे सोनं नि दात जुळतात ती रेघ, मात्र दातावरच जमवावी लागते. डॉक्टर इनले बसवून बघतात आणि बारीक डिस्क सोन्याकडून दाताकडे फिरवतात. सोनं मऊ, त्यामुळे कड दाबून दाताला भिडवता येते. सिरॅमिकला ही सोय नाही. डिस्क कोरडी आणि जोरात फिरली तर दाढ तापते, आतल्या नसेला ते सोसत नाही. म्हणून थांबत थांबत, पाणी किंवा हवा मारत काम व्हायला हवं. आणखी एक जागा नाजूक: शेजारच्या दाताला टेकणारी बाजू. तिथे चमकवण्याच्या नादात केसभर जास्त घासलं गेलं, की आयुष्यभर सुपारी तिथेच अडकणार.

कंपोझिट म्हणजे राळेचं फिलिंग, ते एका बैठकीत भरून होतं. दातासारखा रंग, खर्च कमी, चांगली दाढही कमी कोरावी लागते. इनले आत सरकवायचा तर खड्ड्याच्या भिंती वर पसरट कराव्या लागतात, हा सोन्याचा खरा तोटा. उलट कंपोझिटची चकाकी टिकत नाही. पृष्ठभाग खरबरीत झाला की तर्रीची हळद नि खर्र्याचा डाग धरतो. सोनं झिजतं साधारण दातासारखंच, समोरच्या दाढेलाही खात नाही.

म्हणून माझं मत असं: खड्डा लहान असेल किंवा हसताना दिसणारा दात असेल, तर कंपोझिट. मागची दाढ, मोठा खड्डा, चावण्याचा जोर जास्त, आणि डॉक्टर कडेवर वेळ घालवणारे असतील तर इनले. डॉक्टर घाईतले असतील तर सोनं नकोच. ठरत नसेल तर नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाढ दाखवून घ्या.

इनलेची दुसरी खेप असेल तेव्हा सिमेंट (चिकटवायचा लेप) लागण्याआधी चाव्याची खूण उमटवणारा निळा कागद चावून उंच लागतंय का ते सांगा. डॉक्टरांना टोकदार सुई कडेवरून दोन्हीकडून ओढायला सांगा: दाताकडून येताना अडकली तर सोनं वर राहिलंय, सोन्याकडून जाताना अडकली तर कमी पडलंय. बसवून झाल्यावर फ्लॉस घाला. तो फाटून धागे निघाले, तर खुर्चीवरून उठू नका.