सेकंड हँड गाडीचा विमा नावावर करून घेताना : एका कंपनीच्या सेवेचे परीक्षण

जुनी गाडी घेतल्यावर आरसीवर आपले नाव चढावे म्हणून माणसे आरटीओच्या खेपा घालतात. विम्याच्या पॉलिसीवर मात्र जुन्या मालकाचे नाव तसेच राहते आणि ते कोणाला खटकत नाही. परिचितांकडून घेतलेल्या वॅगनआरची पॉलिसी नावावर करून घेताना एका खासगी विमा कंपनीचा जो अनुभव आला, त्याविषयी हे लिहीत आहे.

कंपनीचे अॅप नूतनीकरणासाठी उत्तम आहे. गाडीचा नंबर टाकला की हप्त्याचा आकडा समोर येतो आणि पैसे भरताच पॉलिसी मेलवर येते. परंतु गाडी अजून त्याच मालकाची आहे का, हा साधा प्रश्न ते कुठेही विचारत नाही. नावबदलाची सोय शोधूनही सापडत नाही, म्हणून हेल्पलाइनला फोन केला, तर ‘विमा गाडीबरोबरच येतो, काळजी नसावी’ असे उत्तर मिळाले.

हे उत्तर अर्धेच खरे आहे आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५७ नुसार गाडी हस्तांतरित झाली की विमाही नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. तथापि ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण तृतीय पक्षाच्या (म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीच्या) जोखमीपुरतेच असल्याचे स्पष्ट केले. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा हा कंपनी आणि विमाधारक यांच्यातील करार आहे. गाडी विकल्यावर जुन्या मालकाचे तिच्यात आर्थिक हित उरत नाही आणि नव्या मालकाशी कंपनीचा करार झालेला नसतो. त्यामुळे बंपर चेपला तरी दावा करायचा कोणी, हा प्रश्न उभा राहतो. हा विमा आपल्या नावावर होण्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आणि हेल्पलाइनवर नेमके हेच सांगितले जात नाही.

शाखेतील अनुभव मात्र वेगळाच होता. काउंटरवरील बाईंनी नवी आरसी, जुनी पॉलिसी, विक्रेत्याचे संमतिपत्र आणि नव्याने भरलेला प्रपोजल फॉर्म एवढेच मागितले. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) गाडीचा नसून माणसाचा असतो, म्हणून जुन्या मालकांना मिळालेल्या सवलतीचा उरलेल्या मुदतीपुरता फरक मला भरावा लागेल, हे त्यांनी पावती करण्यापूर्वीच आकडेमोड करून दाखवले. (एजंट मंडळी या खर्चाचा विषय व्यवहार पक्का होईपर्यंत सहसा काढत नाहीत.) मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यासाठी आरसी आणि पॉलिसी या दोन्हींवर चालकाचेच नाव लागते, त्यामुळे तोही नव्याने घ्यावा लागला. सर्व्हेअर सोसायटीतच आला आणि चॅसिस नंबरचा ठसा व चारही बाजूंचे फोटो घेऊन गेला.

एंडोर्समेंटच्या, म्हणजे पॉलिसीतील बदलाच्या, कागदावर नाव बरोबर होते, पण वित्तपुरवठादार बँकेची जुनी नोंद तशीच राहिली होती. कर्ज फिटल्याचा दाखला दाखवल्यावर ती विनाशुल्क काढून मिळाली. शाखेला पाचपैकी चार गुण देतो, हेल्पलाइनला एकच. जुन्या मालकांना त्यांच्या बोनसचे प्रमाणपत्रही याच काउंटरवर मिळाले. ते तीन वर्षे चालते आणि त्यांना नव्या गाडीच्या हप्त्यात लावून घेता येईल.