संवाद कळतात का? यामाहा आरएक्स-व्ही३८५ आणि ५.१ ची जुळणी

स्वस्तातलं होम थिएटर घेताना खोक्यावरचा वॉटचा आकडा सगळ्यात आधी नजरेत भरतो. कस मात्र वेगळ्याच जागी लागतो. चित्रपटात धो-धो पाऊस पडतोय, पार्श्वसंगीत चढत चाललंय आणि दोन पात्रं खालच्या आवाजात बोलतायत. अशा वेळी रिमोटला हात न लावता शब्द न् शब्द कळला, तर पैसे वसूल. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ हा ५.१ रिसीव्हर, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर अशा संचाचा मधला डबा, या कसाला उतरतो. अट एवढीच की त्याला साजेसे स्पीकर हवेत आणि जुळणीला एक अख्खा दिवस द्यायला हवा. घाईघाईत लावला, तर हाच रिसीव्हर बऱ्यापैकी साउंडबारपुढेही फिका पडेल.

२०१८ साली आलेलं हे मॉडेल यामाहाच्या रिसीव्हरांमध्ये अगदी सुरुवातीच्या पायरीवरचं. पाच स्पीकरांसाठी अँप्लिफायर, सबवूफरसाठी एक आउटपुट, चार एचडीएमआय इनपुट, एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलट रिसीव्हरकडे आणणारी सोय) असलेला एक एचडीएमआय आउटपुट, ब्लूटूथ आणि खोलीचा आवाज मोजून सेटिंग लावणारी वायपीएओ ही सोय, माइकसकट. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे डिस्कवरच्या दर्जेदार आवाजाचे दोन्ही प्रकार त्याला उलगडता येतात. वाय-फाय नाही, अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) नाही, ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) नाही.

यातलं अ‍ॅटमॉस नसणं अनेकांना खटकेल. पण अ‍ॅटमॉसचा ट्रॅक इथे बंद पडत नाही, तो ५.१ म्हणून वाजतो. मोजक्या पैशात छताकडे तोंड केलेले आणखी दोन फुटकळ स्पीकर घेण्यापेक्षा समोरचे तीन दमदार घेतलेले केव्हाही बरे. ईएआरसी नसण्याची अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्यावर उपायही आहे: गेम कन्सोल आणि डिस्क प्लेअर टीव्हीला न जोडता थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला जोडा. साध्या एआरसीतून एकतर दोन चॅनलचा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) जातो, नाहीतर दाबलेला ५.१, न दाबलेला ५.१ तिच्यातून जातच नाही. थेट जोडल्यावर तो प्रश्न उरत नाही.

आता वॉट. कंपनी ७० वॉट सांगते ते ६ ओहम रोधाच्या स्पीकरवर, दोन चॅनल चालू असताना, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात आणि ०.०९ टक्के विकृतीसह. आकडा प्रामाणिक आहे. एका खोक्यात येणाऱ्या संचांवर जे हजारांतले आकडे छापतात, ते बहुतेकदा सगळ्या चॅनलांची बेरीज असतात आणि तीही एकच सूर वाजवून, १० टक्के विकृती धरून. दहा टक्क्यांवर आवाज उघडउघड फाटतो. शिवाय ताकद दुप्पट केली तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलनी वाढतो. म्हणजे ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (एका वॉटला एक मीटरवर येणारा आवाज) स्पीकरला जिथे ७० वॉट लागतात, तिथे ९० वाल्याला ३५ पुरतात. वॉटच्या मागे धावण्याऐवजी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी वाचा.

स्पीकर निवडताना सगळ्यात जास्त विचार सेंटरचा, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या स्पीकरचा करा. चित्रपटातले बहुतेक संवाद तिथूनच येतात, आणि खर्चात काटकसर करताना लोक नेमका तोच लहान घेतात. समोरचे तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर पडद्यावर चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मधेच बदलतो. सेंटरमध्ये किमान ४ ते ५ इंची वूफर (खालचे आणि मधले स्वर वाजवणारे भाग) हवेत. दोन वूफर आणि मधे ट्वीटर (बारीक स्वरांचा छोटा भाग) अशा आडव्या सेंटरची एक खोड लक्षात असू द्या: अगदी कडेला बसणाऱ्याला संवाद पातळ ऐकू येतात, कारण दोन्ही वूफरचा आवाज त्याच्या कानापर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि मधल्या काही स्वरांत एकमेकांना खोडतो. खोली रुंद असेल आणि माणसं पसरून बसत असतील, तर सेंटरच्या जागी त्याच मालिकेतला उभा बुकशेल्फ स्पीकर जास्त चांगला, फक्त टीव्हीखाली तेवढी जागा हवी.

ओहमचं पथ्य पाळा. ६ किंवा ८ ओहमचे स्पीकर सुरक्षित. जुन्या खोक्यातल्या संचाचे स्पीकर पुष्कळदा ३ किंवा ४ ओहमचे असतात. त्यांचे प्लग कापून या रिसीव्हरला जोडले की तो तापतो आणि आवाज वाढवल्यावर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो. सबवूफर स्वतःचा अँप्लिफायर असलेलाच हवा, कारण रिसीव्हर त्याला फक्त सिग्नल देतो, ताकद देत नाही. मध्यम खोलीला ८ ते १० इंची पुरतो. पैसे एकदम नसतील तर समोरचे तीन आणि सबवूफर आधी घ्या, मागचे दोन नंतर. पाचही एकदम हवेत म्हणून सगळेच हलके घेणं ही या खरेदीतली सगळ्यात महाग चूक.

वायर १६ गेजची, शुद्ध तांब्याची. दहा मीटर लांबीला जाऊन-येऊन साधारण पाव ओहम रोध होतो, तेवढा चालतो. त्याहून लांब न्यायची असेल तर १४ गेज. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायरही तांब्याच्या रंगाचीच दिसते. एक तार घेऊन ब्लेडने हलकेच खरवडा. आत चंदेरी दिसली तर ती सीसीए, म्हणजे हीच मुलाम्याची वायर. रोध जास्त, आणि दोन-चारदा वाकवली की तुटते. सोलताना १० ते १२ मिलिमीटरच सोला आणि सुट्या तारा घट्ट पिळून घ्या. केसाएवढी एक तार जरी शेजारच्या टर्मिनलला टेकली, तरी रिसीव्हर चालू होताक्षणी बंद होतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा पॉवर दाबू नका. प्लग काढा, पाचही जोडण्या बॅटरीच्या उजेडात बघा.

धन-ऋण उलटं जोडलं तर उपकरणाचं काही बिघडत नाही, पण आवाज बिघडतो: खर्ज गायब होतो आणि संवाद सेंटरमधून यायचे ते खोलीभर पसरल्यासारखे वाटतात. भिंतीतून नेलेल्या वायरींत हे हमखास होतं. तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. वायरीची दोन्ही टोकं रिसीव्हरमधून सोडवा, लाल मानलेलं टोक सेलच्या धन बाजूला आणि दुसरं ऋण बाजूला क्षणभर टेकवा, आणि जाळी काढून वूफरकडे बघा. टक् असा आवाज येतो आणि वूफरचा शंकूसारखा पडदा (कोन) हलतो. बाहेर सरकला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. सेल लावून धरून ठेवू नका.

मांडणीत समोरचे दोन्ही स्पीकर बसण्याच्या जागेपासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांवर, ट्वीटर कानाच्या उंचीला. मागचे दोन खरं तर मागे नसतातच: ५.१ मध्ये त्यांची जागा बाजूला किंवा किंचित मागे, ९० ते ११० अंशांवर, कानापेक्षा दोनेक फूट उंच. सोफा मागच्या भिंतीला टेकला असेल तर बाजूच्या भिंतींवर लावा. डोक्यामागच्या कोपऱ्यात लावलेले स्पीकर सतत लक्ष वेधून घेतात. सेंटर टीव्हीच्या कपाटात खोल ढकलू नका. आत गेला की पोकळीत आवाज घुमतो आणि संवाद डब्यातून आल्यासारखे लागतात. त्याची पुढची कड फळीच्या कडेला आणा, खाली रबराचा तुकडा सरकवून तोंड कानाकडे वर करा. तुकडा अर्धा इंचाचा असला तरी फरक लगेच जाणवतो.

सबवूफरला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथे खोलीच त्याच्यावर स्वार होते. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपासचा स्वर काही ठिकाणी फुगतो, काही ठिकाणी नाहीसा होतो. नेमकी खोलीच्या मधोमध बसायची जागा असेल, तर कितीही भारी सबवूफर आणा, तो स्वर दुबळाच राहणार. सोफा फूट-दीड फूट सरकवणं हाच इलाज. जागा शोधायची जुनी रीत आजही उत्तम आहे. सबवूफर उचलून बसायच्या जागी ठेवा, खर्जात वर-खाली जाणारं बास गिटारचं संगीत लावा आणि भिंतीकडेने कान जमिनीजवळ ठेवून फिरा. जिथे प्रत्येक स्वर सारख्या जोराने, न घुमता ऐकू येतो, तिथे सबवूफर मांडा. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो, पण एकसुरी, ढमढम.

मग वायपीएओ. सबवूफरवरचा आवाज निम्म्यावर, त्याचं क्रॉसओव्हरचं (किती हर्ट्झखालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ते ठरवणारं) बटण शेवटपर्यंत फिरवून जास्तीत जास्तवर, ऑटो-स्टँडबाय बंद. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर टेकवलेला माइक गादीचा परावर्तित आवाज मोजतो आणि आकडे चुकतात. पंखा, एसी बंद, खोलीत शांतता, माइक आणि स्पीकर यांच्यामध्ये कुणी उभं नको. डिस्प्लेवर ई-५ आला तर बाहेरचा आवाज जास्त आहे. डब्ल्यू-१ म्हणजे कुठल्यातरी स्पीकरची जोडणी उलटी वाटतेय. वर सांगितलेली सेलची चाचणी करा, ती बरोबर आली तर सूचना सोडून द्या, काही स्पीकरांच्या बांधणीमुळे ती उगाचच येते. डब्ल्यू-३ आला तर स्पीकरांच्या पातळ्यांत फरक फार आहे, बहुतेकदा सबवूफरचं बटण फार वर किंवा फार खाली असल्यामुळे.

मोजणी झाली म्हणजे काम झालं असं नाही. वायपीएओ कधी कधी पाच इंची बुकशेल्फलाही मोठा स्पीकर ठरवते. ते सेटिंग हाताने लहानवर आणा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. तीन इंची सॅटेलाइट (छोटे स्पीकर) असतील तर १२०. खर्जाचं ओझं सबवूफरकडे गेलं की रिसीव्हरचे ७० वॉट संवादांसाठी मोकळे होतात, आणि स्वस्त रिसीव्हरवर हा फरक सगळ्यात ठळक असतो. सबवूफरचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दिसलं तर ते ‘दुरुस्त’ करू नका. त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. सेंटरची पातळी मात्र एखाददुसऱ्या डेसिबलने वाढवली तर बिनघोर वाढवा. आणि चित्रपट बघताना आवाजावरचे ‘हॉल’, ‘क्लब’ असले कृत्रिम परिणाम लावू नका. स्ट्रेट मोडवर (कुठलाही परिणाम न लावता) संवाद सगळ्यात स्वच्छ येतात. रात्री हळू आवाजात बघायचं असेल तर डीआरसी चालू करा, म्हणजे स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते.

नवीन संच ‘मागून वाजत नाही’ ही तक्रार बहुतेकदा टीव्हीच्या सेटिंगमध्ये सुटते. टीव्हीवर एआरसी लिहिलेल्याच पोर्टला केबल लावा, दोन्हीकडे एचडीएमआय कंट्रोल चालू करा, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करा आणि डिजिटल ऑडिओ पीसीएमवरून काढून ऑटो किंवा बिटस्ट्रीमवर न्या. पीसीएमवर टीव्ही दोनच चॅनल पाठवतो. हे सगळं करूनही रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बीचं नाव येत नसेल, तर अ‍ॅपमध्ये त्या चित्रपटाचा ऑडिओ ट्रॅक बघा. मूळ ट्रॅक ५.१ आणि डब केलेला स्टिरिओ असं सर्रास असतं. ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो असं झालं तर टीव्हीतला ऑडिओ डिले शून्यावर आणा. उलट झालं तर रिसीव्हरच्या लिप-सिंकमध्ये दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत जा.

सबवूफरमधून एकसारखी घरघर येत असेल तर आधी टीव्हीच्या मागची केबल किंवा डिशची कोअ‍ॅक्सियल वायर काढून बघा. घरघर थांबली तर दोष ग्राउंड लूपचा (उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो प्रवाह): त्या वायरीवर ही वाट तोडणारा आयसोलेटर बसवा आणि टीव्ही, रिसीव्हर, सबवूफर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, ते जिवावर बेतू शकतं.

रिसीव्हरच्या वर ३० सेंटिमीटर, बाजूंना आणि मागे २० सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, त्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. आणि माइक जपून ठेवा: सोफा हलवला, जाड पडदे लावले किंवा गालिचा अंथरला, तर मोजणी पुन्हा करावी लागते.