शिरोळ तालुक्यात घर घेताना: नदीकाठचं गावठाण की माळावरचा प्लॉट?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात घर बघायला निघालं की साधारण दोन सौदे समोर येतात. एक, गावठाणातलं जुनं घर. नदी, बाजार, देऊळ, शाळा सगळं पायाखाली, आणि भाव सहसा कमी. दुसरा, गावाबाहेर माळावरचा बिनशेती प्लॉट. त्यावर बांधकामाचा खर्च वेगळा. बहुतेक जण या दोन आकड्यांची वजाबाकी करून मोकळे होतात. पुराचा आणि विम्याचा हिशेब त्यात धरलेलाच नसतो.

गावठाणातलं घर दाखवणारा एक वाक्य हमखास टाकतो: ‘पाच सालाला इथं पाणी नव्हतं.’ खरं असेलही. पण २००५ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५३ फुटांच्या वर गेली होती, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये साडेसत्तावन्न फुटांपर्यंत. तिथली धोका पातळी ४५ फूट. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट. तिथे पंचगंगा २०१९ ला ५५ फूट ७ इंचांवर गेली आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ५६ फूट ३ इंचांवर. सांगलीत मात्र २०२१ चा पूर २०१९ पेक्षा कमी होता. म्हणून एकाच सालावर आणि एकाच पुलावर विसंबू नका. घराच्या भिंतीवर २०१९ ची खूण शोधा, नाहीतर शेजारच्या म्हातारीला विचारा.

शिरोळचा पूर वेगळा का, हेही समजून घ्यायला हवं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली तर पंचगंगेला पुढे जायला जागा उरत नाही आणि फुगवटा मागे गावांत पसरतो. त्यामुळे ‘पाणी कुठवर आलं’ याच्याइतकाच ‘किती दिवस राहिलं’ हा प्रश्न मोलाचा. दोन दिवसांत उतरलेलं पाणी घर घाण करतं. आठवडाभर साचलेलं पाणी मातीच्या भिंतीचा जीव घेतं, आणि अशी भिंत बरेचदा पूर ओसरल्यानंतर, ऊन पडल्यावर ढासळते. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो की नाही, हा वाद खुशाल घाला. घर कुठे घ्यायचं, या निर्णयात त्याने फरक पडत नाही.)

पाटबंधारे खात्याच्या पूररेषांत निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि दोन रेषांच्या मधे जोत्याच्या उंचीची अट असते. वीस वर्षांचं कर्ज काढलंत, तर त्या काळात निळ्या रेषेपर्यंतचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. लाल रेषेची साधारण १८ टक्के. जुनं घर निळ्या रेषेच्या आत असेल आणि पुरात पडलं, तर त्याच जागी पुन्हा बांधता येईल का, हे व्यवहाराआधी विचारा. स्वस्त घराचा खरा खर्च बहुधा इथेच दडलेला असतो.

माळही अगदी निर्धास्त नाही. घरात पाणी शिरत नाही, पण रस्ते बंद होतात आणि गावाचं बेट होतं. नदीकाठचे पंप बुडाले की नळाचं पाणी जातं. २०१९ ला कोल्हापूर शहरातल्या उंचावरच्या वस्त्यांनीही ते भोगलं. पण हा त्रास काही दिवसांचा. कपाट, गादी, धान्य, कागदपत्रं जागेवर राहतात आणि जनावरं रातोरात हलवावी लागत नाहीत.

आता विमा. ‘सरकार देईलच की’ असं म्हणणाऱ्यांनी आकडे बघावेत. आपत्ती निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये, आणि अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये. साडेसहा हजारांत एका खोलीचा गिलावाही नीट होत नाही.

‘भारत गृह रक्षा’ ही इर्डाईने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, ठरवून दिलेली प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकावी लागते. पूर तिच्या मूळ संरक्षणातच आहे. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप धरलं जातं. रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावरून. जागेचा भाव त्यात येत नाही. भिंती मातीच्या असतील तर प्रस्तावात तसंच लिहा. तिथे गुळमुळीत लिहिलं की दाव्याच्या वेळी सर्व्हेअरच्या हातात कोलीत. बँकेने कर्जासोबत विमा काढला असेल तर पॉलिसीची प्रत मागून घ्या. बरेचदा रक्कम फक्त कर्जाएवढी असते.

घरातच किराणा किंवा गिरणी असेल तर त्या मालाला गृह विमा चालत नाही. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ वेगळी. गाडीला नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात बुडालेल्या गाडीचं काही मिळत नाही. आणि जागेसोबत ऊस घेत असाल, तर पीक विमा योजनेत आपल्याकडे ऊस नाही, सोयाबीन आहे. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, गाळ जाऊन कुजलेल्या उसाला सरकारी मदतीचाच काय तो आधार.

माझं मत स्पष्ट आहे. घरात म्हातारी माणसं किंवा दावणीला जनावरं असतील तर लहान का होईना, लाल रेषेच्या बाहेर माळावर घ्या, आणि तिथेही विमा काढा, कारण वादळ, वीज आणि आग माळावरही पोचतात. गावठाणातलंच घ्यायचं झालं तर आरसीसी आणि वरचा मजला २०१९ च्या खुणेच्या वर, एवढं जमत असेल तरच. अशा घराचा विमा मात्र मृग नक्षत्र लागायच्या आत सुरू झालेला हवा, आणि विसाराची रक्कम देण्याआधी कंपनी या पत्त्यावर पॉलिसी देते का, हे लेखी घ्या. नकार आला तर त्या घराच्या किमतीवर पुन्हा बोलायला बसा.